'विली-निली'तला 'निली' हा 'चहाबिहा'तला 'बिहा' नव्हे

प्रश्न असा आहे: इंग्रजीतलं 'विली-निली' हे क्रियाविशेषण आपल्या 'चहाबिहा'सारखंच का? आणि अर्थ 'नाइलाजाने' घ्यायचा की 'कसंही, वाटेल तसं'?

'बिहा'ला स्वतःचा अर्थ नाही, 'निली'ला आहे. मूळ बोल 'विल आय, निल आय' असा. 'आय'च्या (मी) जागी 'ही' (तो) किंवा 'यी' (जुनं 'तुम्ही') हेसुद्धा यायचं. 'विल' म्हणजे इच्छिणं, 'निल' म्हणजे न इच्छिणं. जुन्या इंग्रजीत 'ने' हा नकार क्रियापदाला चिकटून एकच शब्द व्हायचा: ने + विल = निल. रोजच्या वापरातला 'नेव्हर'ही असाच, ने + एव्हर.

मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. आपलं 'नसणे' म्हणजे न + असणे. अभंगांत भेटणारे 'नलगे' आणि 'नेणे' त्याच घडणीचे. 'जाणता-नेणता' ही जोडी म्हणून बघा: कानाला नुसतं यमक वाटतं, पण 'नेणता' म्हणजे 'न जाणणारा'. विली-निलीचा सख्खा भाऊच!

शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये पेट्रुकिओ कॅथरिनाला तोंडावर सांगतो की 'विल यू, निल यू', लग्न मी तुझ्याशीच करणार. गंमत म्हणजे हा 'विल' संस्कृतातल्या 'वृ' म्हणजे निवडणे या धातूचा नातलग. 'वर' आणि 'स्वयंवर' त्यातूनच आले. इथे मात्र वरच सांगतोय की स्वयंवर वगैरे काही नाही.

तर जुना अर्थ 'मनात असो वा नसो'. रोखठोक मराठीत 'झक मारत'. मग 'कसंही' कुठून आलं? इच्छेला कोणी विचारतच नसेल तर काम बेत न आखता, दिशा न ठरवता होणार, त्या वाटेने आलं असावं. इंग्रज कवी फिट्झजेराल्डने १८५९ साली फारसी कवी उमर खय्यामच्या रुबाया, म्हणजे चार-चार ओळींच्या कविता, इंग्रजीत आणल्या. त्यात माणूस जगात पाण्यासारखा 'विली-निली' वाहत येतो आणि वाऱ्यासारखा निघून जातो. तिथे 'न विचारता' म्हणा की 'दिशाहीन', दोन्ही बसतं.

आजच्या बातमीत कोणी पैसे 'विली-निली' वाटले असतील, तर मात्र 'कसेही, वाटेल तसे' असंच लिहा. तिथे 'नाइलाजाने' लिहिलंत, तर उधळ्या माणसाला फुकट सहानुभूती मिळेल.