गिअरबॉक्स उतरवू नका, आधी कपलर बघा

प्रश्न: सर नमस्कार, माझ्याकडे १९९९ ची मर्सिडीज एसएलके २३० आहे, कोम्प्रेसरवाली, ऑटोमॅटिक, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेत. जूनच्या शेवटी मुंबईहून येताना कसारा घाट चढलो, इगतपुरीला चहाला थांबलो आणि परत निघालो तर गाडी उचलच घेईना, नुसता इंजिनचा आवाज, ६० च्या स्पीडला आरपीएमचा काटा ४००० च्या आसपास आणि पुढचा गिअर पडेचना. तशीच रखडत नाशिकपर्यंत आणली. सकाळी चालू केली तर एकदम नॉर्मल! पाथर्डी फाट्याकडे गेलो, वीसेक मिनिटांनी परत तेच. आता डी मध्ये टाकली की खाडकन धक्का पण बसतो. गॅरेजवाल्यांनी स्कॅनर लावला, एरर काहीच नाही म्हणाले, आणि मग गिअरबॉक्स गेलाय, उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल, अडीच लाख लागतील असं सांगितलं. घरचे म्हणतात विकून टाक. काय करू?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: विकू नका आणि उतरवायला तर अजिबात देऊ नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात अर्धं निदान तुम्हीच लिहून पाठवलंय.

तुमच्या गाडीत मर्सिडीजचा ७२२.६ नंबरचा पाच स्पीडचा ऑटोमॅटिक आहे, १९९६ च्या सुमारास आलेला, आणि माझ्या मते मर्सिडीजने केलेल्या सगळ्यात दणकट गिअरबॉक्सपैकी एक. यातले गिअर सहा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह टाकतात आणि त्या सोलेनॉइडना हुकूम देणारा कॉम्प्युटर गिअरबॉक्सपासून लांब, बॉनेटखाली एका बंद डब्यात बसलेला असतो. त्या कॉम्प्युटरला एखाद्या सेन्सरचा आकडा पटला नाही की तो सोलेनॉइडचा करंट तोडतो. चालू गाडीत फॉल्ट आला तर बहुतेक वेळा आहे तो गिअर धरून ठेवतो, पण तुम्ही गाडी बंद करून परत चालू केली आणि फॉल्ट अजून तसाच असला की फक्त सेकंड आणि रिव्हर्स मिळतो, यालाच लिंप मोड म्हणतात. इगतपुरीला चहाला थांबलात तिथे हेच झालं. आणि करंट नसला की आतलं ऑइल प्रेशर सगळ्यात वरच्या टोकाला जाऊन बसतं, म्हणून डी मध्ये टाकताना तो खाडकन धक्का. म्हणजे धक्का बसतो म्हणून क्लच प्लेटा गेल्या असं नाही हो, गिअरबॉक्स स्वतःला वाचवतोय.

आता मुख्य गोष्ट. गार असताना बरोबर आणि तापल्यावर बिघाड. क्लच प्लेटा जळालेला गिअरबॉक्स सकाळी शहाण्यासारखा वागून वीस मिनिटांनी सेकंडला असा कायमचा अडकून बसत नाही, तो घसरतो, आरपीएम वर जातो आणि गाडी पुढे जात नाही. तुमची गाडी ६० ला ४००० दाखवतेय, सेकंड गिअरचा हिशोब केला तर तेवढेच यायला पाहिजेत, म्हणजे गिअर घट्ट पकडलेला आहे. मला हे इलेक्ट्रिकचं दुखणं वाटतंय.

स्कॅनरमध्ये काही आलं नाही याचं आश्चर्य नाही. साधा ओबीडी स्कॅनर इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचतो, या वयाच्या मर्सिडीजचा गिअरबॉक्स कॉम्प्युटर त्याला दिसतच नाही. बॉनेट उघडलं की गोल झाकणाचं ३८ पिनांचं सॉकेट असतं, त्यातून वाचणारा मर्सिडीजचा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जा. सातपूर, अंबडच्या बाजूला एखादा जुना मर्सिडीजवाला माणूस विचारून सापडेल, इथे जुन्या ई-क्लास भरपूर चालल्यात आणि त्यातही हाच गिअरबॉक्स होता. आणि कोड वाचून लिहून घेतल्याशिवाय कुणाला मिटवू देऊ नका, मिटवला की पुरावाच गेला.

तिकडे जायच्या आधी घरी दोन मिनिटांचं काम. गिअर लिव्हरजवळचं एस आणि डब्ल्यूचं बटण एस वर आहे ना बघा, डब्ल्यू वर गाडी मुद्दाम सेकंडमध्ये उठते. तुमच्या बाबतीत ते कारण नसावं कारण पुढचे गिअरच पडत नाहीत, पण बघून घ्यायला काय जातंय. मग बॅटरी, रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.२ च्या आसपास. कमी व्होल्टेजवर हा कॉम्प्युटर लगेच रुसतो.

आता ते ठिकाण, जिथे मी स्वतः कितीतरी वेळा हात काळे केलेत. गाडी रॅम्पवर घ्या. गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला चेंबरच्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या थाळीच्या जरा वर १३ पिनांचा गोल कपलर, म्हणजे वायरींचा जोड आहे, कडं फिरवलं की सुटतो. तो ज्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये बसतो त्याला दोन ओ-रिंग असतात, सॉकेट एका ७ नंबरच्या बोल्टने धरलेलं असतं. वीस-पंचवीस वर्षं गरम ऑइलमध्ये राहून त्या रिंगा कडक होतात आणि मग गिअरबॉक्सचं ऑइल कपलरमध्ये शिरतं. तिथेच थांबलं असतं तर बरं, पण ते वायरच्या आतून, तांब्याच्या तारांच्या फटीतून, समईच्या वातीत तेल चढावं तसं वर वर चढत जातं आणि थेट कॉम्प्युटरच्या पिनांपर्यंत पोचतं. म्हणून कपलर काढून आत बघाच, पण बॉनेटखालचा तो डबा पण उघडा, कॉम्प्युटरचा कपलर हळूच ओढा आणि पिनांवर पांढरा टिश्यू टेकवा. लालसर तेलकट डाग आला तर अडीच लाखांचं कोटेशन घडी घालून ठेवून द्या. डब्यात पावसाचं पाणी किंवा ओल आहे का तेही तेव्हाच बघा, घोटीपासून पुढे जो पाऊस लागतो त्यात झाकणाचं जुनं रबर कितपत टिकतंय सांगता येत नाही.

डाग मिळाला तर नवीन सॉकेट ओ-रिंगसकट टाका, नुसत्या रिंगा नकोत, आणि दोन्ही टोकं कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. वायरीत अडकलेलं तेल पुढचे काही आठवडे निथळत राहतं, त्यामुळे महिन्याभराने डबा परत उघडून पुसावं लागेल.

डाग नाही मिळाला तर दुसरा संशयित कंडक्टर प्लेट. ही प्लेट चेंबरच्या आत व्हॉल्व्ह बॉडीवर, म्हणजे ऑइलच्या वाटा उघड-बंद करणाऱ्या ठोकळ्यावर बसते, तिच्यातच एन-टू आणि एन-थ्री असे दोन स्पीड सेन्सर आहेत आणि तापल्यावर दगा देण्याची सवय या सेन्सरची आहे. स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून गाडी रस्त्यावर न्या, शेजारी कुणीतरी आकडे बघायला बसवा. सेकंड, थर्ड, फोर्थमध्ये दोन्हीचे आकडे सारखे असायला हवेत. गाडी तापेपर्यंत जोडीने चाललेले आकडे, आणि मग त्यातला एक अचानक शून्यावर पडला की चोर सापडला. त्याच वेळी मागच्या चाकांचे एबीएस सेन्सर पण बघून घ्या, कारण गाडीचा स्पीड या गिअरबॉक्सला तिकडूनच कळतो, आणि खड्ड्यात हाणलेली वायर असली तर सगळे गिअरबॉक्सला दोष देत बसतात.

कंडक्टर प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. चेंबर उघडा, व्हॉल्व्ह बॉडी खाली घ्या, प्लेट बदला, नवीन फिल्टर आणि गॅस्केट टाका. नवीन पार्टची गाडीशी ओळख करून द्यायची, म्हणजे कोडिंगची भानगड नाही, ती नंतरच्या सात स्पीडवाल्यात, तिथे कॉम्प्युटरच गिअरबॉक्सच्या आत गेला. चेंबरमधल्या चुंबकावर करड्या रंगाची बारीक पेस्ट असेल तर घाबरू नका, धातूचे चकचकीत तुकडे असतील तर मात्र मला परत लिहा, मग विषय वेगळा. बोल्ट ८ न्यूटन मीटरलाच, टॉर्क रेंचनेच, जोर लावून ॲल्युमिनियमचे आटे घालवणारे मी पाहिलेत.

ऑइलबद्दल जरा चिडूनच लिहितो. या गिअरबॉक्सला 'आयुष्यभराचं ऑइल' म्हणून विकलं, आणि डिपस्टिक दिलीच नाही, नुसती नळी आणि वर सील केलेलं टोपण. त्यामुळे बऱ्याच गाड्यांत पंचवीस वर्षांचं ऑइल आहे. मी ६०,००० किलोमीटरला बदला म्हणतो. मर्सिडीजच्या २३६.१४ मंजुरीचंच घ्या, काउंटरवरचं कुठलंही लाल ऑइल नको. आणि लेव्हल बघायची ती सर्व्हिसची वेगळी डिपस्टिक आणून, इंजिन चालू, लिव्हर पी मध्ये, ऑइल ८० अंशांना. गार असताना अंदाजाने भरलं तर जास्त होतं आणि जास्त ऑइल कमी ऑइलइतकंच वाईट, फेस येतो.

हे इतकं लांबण लावून लिहिण्याचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी पंचवटीतले एक काका त्यांची जुनी ई-क्लास माझ्याकडे घेऊन आले, गिअरबॉक्स दुसरीकडे एकदा पूर्ण ओव्हरहॉल झालेला, पैसे भरलेले, आणि पंधरा दिवसांत गाडी परत सेकंडमध्ये. मी कपलर काढला तर माझ्या मनगटावरून लाल तेलाचा ओघळ कोपरापर्यंत आला. ओव्हरहॉल करणाऱ्याने सगळं बदललं होतं, ते सॉकेट सोडून. काका काही बोलले नाहीत, रॅम्पखाली उभं राहून त्या दोन रिंगांकडे बघत राहिले. ते मला अजून डोळ्यांसमोर आहे.

तोवर गाडी फार फिरवू नका. सेकंडमध्ये गॅरेजपर्यंत सावकाश न्यायला हरकत नाही, लांब न्यायची तर फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणाऱ्या ट्रकवर, मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढू नका.

प्रश्न: आमच्याकडे रेक्स्टन ऑटोमॅटिक आहे, त्यात मर्सिडीजचाच गिअरबॉक्स आहे म्हणतात. मग त्यातही हेच होतं का, आणि पार्ट एकमेकांचे चालतात का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: हो, पाच स्पीडचा तो ऑटोमॅटिक त्याच घराण्यातला, त्यामुळे १३ पिनांचा कपलर, ओ-रिंग, कंडक्टर प्लेट या दुखण्याच्या जागा त्याच. पण कॉम्प्युटर आणि वायरिंग गाडीप्रमाणे वेगळं असतं, तेव्हा पार्ट घेताना जुना पार्ट हातात घेऊन त्यावरचा नंबर जुळवूनच घ्या.

प्रश्न: बॅटरी काढून ठेवली की लिंप मोड जातो असं मित्राने सांगितलं. करून बघू का?
– एक वाचक, सिडको

उत्तर: त्याने काही दुरुस्त होत नाही. फॉल्ट त्या क्षणी हजर नसेल तर नुसती चावी बंद करून पुन्हा चालू केल्यावरही गिअर परत येतात, वरच्या एसएलकेचं सकाळी तेच होत होतं. बॅटरी काढलीत तर काही गाड्यांत रेडिओचा कोड मागतो आणि काचा कुठवर वर-खाली जातात ते गाडीला पुन्हा शिकवावं लागतं, फॉल्ट आहे तिथेच राहतो. त्यापेक्षा कितव्या किलोमीटरला, किती तापल्यावर, चढावर की सपाटीला अडकते हे वहीत लिहून ठेवा आणि ती वही घेऊनच स्कॅनरवाल्याकडे जा.