सिंबल कर्जावर घेण्याआधी पॉलिसी तपासा

भुसावळचे एक वाचक लिहितात : ‘वय ३४, पगार ३८,००० रुपये, घरखर्च ३०,०००. घरी पत्नी आणि दोन मुले आहेत. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवून वर्षाला साधारण ६०,००० मिळतात. ते सगळे नात्यातल्या एजंटाकडून घेतलेल्या पॉलिसीत जातात. विमा ६ लाखांचा. दहा वर्षे भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट मिळणार. दोन हप्ते भरून झाले. आता ड्रमसेटच्या कास्ट (ओतीव) सिंबलचा, म्हणजे काठीने वाजवायच्या धातूच्या थाळ्यांचा, ८५,०००चा संच कर्ज काढून घ्यावा, की २२,०००चा पितळी?’

दोन्ही घेऊ नका. मात्र त्याआधी, तुम्ही ओघात लिहून गेलात त्या पॉलिसीविषयी बोलणे अधिक निकडीचे आहे.

सहा लाखांचे बारा लाख होतात खरे. पण तुमचा पैसा सरासरी साडेपंधरा वर्षे अडकलेला असतो, म्हणजे परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतो. हेच हप्ते पीपीएफ या सरकारी बचत योजनेत भरले आणि ७.१ टक्के दर कायम राहिला, तर विसाव्या वर्षी साडेसतरा लाखांच्या आसपास रक्कम होते. त्याहून गंभीर गोष्ट विम्याची आहे : उद्या तुमचे काही बरेवाईट झाले, तर सहा लाखांत घर वीस महिने चालेल. जळगावच्या सराफात अर्ध्या ग्रॅमची मजुरीही विचारून घेणारी आपली माणसे सहा लाखांच्या करारावर नात्याखातर सही करतात आणि विकणारा ‘दुप्पट’ म्हणाला की ‘किती वर्षांत’ हे विचारत नाहीत, याची मला मनापासून चीड येते.

आता त्या कर्जाचे पाहा. १६ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी ८५,००० घेतले, तर महिन्याला सुमारे ३,००० हप्ता आणि एकूण बावीस हजारांवर व्याज जाईल. साडेचार टक्क्यांची पॉलिसी जपण्यासाठी सोळा टक्क्यांचे कर्ज, आणि तेही चातुर्मासात लग्ने बंद असताना पगारातून फेडायचे!

आधी ५० लाखांचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा निव्वळ विमा, घ्या. व्यसन नसेल तर या वयात वर्षाला दहा हजारांच्या आसपास खर्च येईल. तो हातात आल्यावरच, तिसरा हप्ता भरण्याआधी, सरेंडर केल्यास (पॉलिसी मोडल्यास) किती आणि पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवल्यास) किती मिळेल हे कंपनीकडून लेखी मागवा. भरलेल्या १,२०,००० पैकी बरेच जातील, ते सोसावे लागेल. अजून भरायचे ४,८०,००० मात्र तुमच्या हातात आहेत.

हप्ता थांबवला की टर्म विम्याचा खर्च वजा जाता यंदा वाचणाऱ्या पन्नास हजारांतले निम्मे सिंबलला द्या आणि उरलेले पीपीएफमध्ये टाका. पितळी सिंबलचा नाद लगेच विरतो आणि जुन्या बाजारात त्याला भाव नसतो. ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील असलेली बी-२० कास्ट सिंबल एकेक करून, वापरलेली घ्या. पहिली १४ इंची हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी जोडी), कारण ताल सतत तिच्यावरच चालतो. पुढच्या वर्षी २० इंची राइड (ताल धरायची मोठी थाळी). क्रॅश (जोरकस ठोक्यासाठीचा सिंबल) सगळ्यांत लवकर तडकतो, शिवाय उघड्या लॉनवर त्याचा आवाज धारदारच हवा. म्हणून तो ८ टक्के कथिलाचा, स्वस्त बी-८ चालेल. जुने सिंबल घेताना कडेवरून बोट फिरवून तडा शोधा, मधले भोक झिजून लांबट झाले आहे का तेही पाहा; तडा सापडला, तर कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नका.