स्नोमोबाईलच्या ट्रॅकवर स्टड मध्ये बसवावेत की कडेलाही?

तुमच्या बर्फावर धावणाऱ्या गाडीला १२१ इंची ट्रॅक (तिला पुढे रेटणारा गोल फिरणारा रबरी पट्टा) आहे, त्याचे लग (वरचे रबरी उंचवटे) सव्वा इंच उंच आहेत, त्यावर ९६ स्टड (बर्फात रुतणारे धातूचे टोकदार खिळे) बसवायचे आहेत आणि ते सगळे मधल्या पट्ट्यात घ्यावेत की काही बाहेरच्या पट्ट्यांवरही द्यावेत, असे तुम्ही विचारले आहे. सगळे मध्ये घ्या, बाहेर एकही नको. याच मुद्द्यावरून आमच्या घरात कित्येक हिवाळे वाद चालू आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी इथेच थांबले तरी चालेल.

वाद माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांशी आहे. दाजी यंत्रातले जाणकार आहेत, त्यांच्या हाताला सफाई आहे, त्यांनी आवळलेला नट सैल झालेला मी पाहिलेला नाही. पण कडेपर्यंत स्टड गेले नाहीत तर अर्धा ट्रॅक वाया गेला, या मतावरून ते तसूभरही हलत नाहीत. त्यांनी आपल्या गाडीवर मध्ये ९६ बसवून बाहेरच्या दोन पट्ट्यांवर आणखी ४८ चढवले आणि पुढच्या स्कींखालचे कार्बाइड (बर्फात रुतून गाडी वळवणारी कठीण धातूची धार) मात्र गाडीबरोबर आलेले तेच राहू दिले. गोठलेल्या तळ्यावर ती गाडी सरळ रेषेत सुटली की बरोबरीला कोणी टिकत नसे, हे मी मान्य करतो. तळ्याच्या टोकाला मात्र वाऱ्याने वरचा भुसभुशीत थर झाडून नेला होता आणि खालचा टणक बर्फ उघडा पडला होता. तिथे दाजींनी हँडल पुरते वळवले. स्की वळल्या, गाडी वळली नाही. वळलेल्या स्की आडव्या खरडत, पांढरा भुगा उडवत गाडी होती त्याच दिशेने काठावरच्या ढिगात शिरली. दाजींना खरचटलेही नाही, आणि ढिगातून बाहेर येताच त्यांनी बर्फालाच दोष दिला.

दोष बर्फाचा नव्हता. मागचा ट्रॅक गाडीला पुढे रेटत असतो आणि पुढच्या स्कींनी तिला वळवायचे असते. मागची पकड वाढवून पुढची तशीच ठेवली तर जिंकतो तो ट्रॅकच. ९६ स्टडना प्रत्येक स्कीखाली साधारण ४ इंच कार्बाइड आणि १४४ स्टडना ६ इंच, हा ढोबळ हिशेब जुना आहे आणि तो दाजींनाही तोंडपाठ आहे.

खरी गोष्ट नंतर गाडी मागून उचलून ट्रॅक हाताने फिरवताना दिसली. बाहेरच्या पट्ट्यावरच्या काही स्टडभोवतीचे रबर अर्धचंद्राकार फाटले होते आणि आतल्या कापडाचे धागे वर आले होते. एका स्टडचे आतले चपटे डोके रबरात अर्धे ओढले गेले होते. टनेलमधल्या (ट्रॅकवरच्या बोगद्यासारख्या धातूच्या आवरणातल्या) संरक्षक पट्ट्या मधल्या रांगांचा विचार करून लावलेल्या असल्यामुळे कडेच्या स्टडनी तिथल्या हिट एक्सचेंजरच्या (इंजिनाचा शीतक द्रव थंड करणाऱ्या भागाच्या) अ‍ॅल्युमिनियमवर चकचकीत चरे पाडले होते, इतके खोल की नख फिरवले तर अडत होते. आणखी थोडे खरवडले असते तर शीतक द्रव तळ्यावर सांडला असता.

असे होण्याचे कारण ट्रॅकच्या बांधणीत आहे. रबरात आडव्या फायबरग्लासच्या सळ्या असतात, आणि ट्रॅक आतून ज्या दोन रेलवरून सरकतो त्यांच्यामधल्या भागात त्यांना दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. रेलच्या बाहेरचा भाग छज्जासारखा अधांतरी असतो. तिथल्या स्टडने बर्फात दात रोवला की सळीचे टोक वर वाकते आणि सगळा ताण स्टडभोवतीच्या रबरावर येतो. कापडाचा एकच थर असलेल्या ट्रॅकमध्ये हा ताण सोसायला तिथे फारसे काही नसते.

आता तुमच्या ९६ स्टडकडे वळतो. तुमच्या ट्रॅकचा पिच, म्हणजे लगतच्या दोन सळ्यांमधले अंतर, बहुधा २.५२ इंच असेल, म्हणजे पूर्ण फेऱ्यात ४८ पिच होतात आणि प्रत्येक पिचला दोन स्टड येतात. ते दोन कुठे हे ठरवताना एकच गोष्ट पाहा: एका स्टडने ओढलेल्या रेघेत त्याच्या लगेच मागचा स्टड येता कामा नये, कारण कोरलेल्या खाचेत त्याला धरायला काही उरत नाही. आठ पिचची एक मांडणी केली तर सोळा स्टड सोळा वेगळ्या रेघा ओढतात, आणि ४८ ला आठने भाग जात असल्यामुळे सांध्यावर मांडणी तुटत नाही. कागदी साचा करून आधी सगळ्या खुणा करा आणि मगच पहिले भोक पाडा. भोक सळीवर येऊ देऊ नका, साध्या ड्रिलने धागे फाटतात म्हणून ट्रॅकसाठी मिळणारे कटर वापरा, आणि स्टडचे डोके आतल्या चाकांच्या वाटेत येत नाही ना ते ट्रॅक फिरवून पाहा. टोक लगच्या वर पाव ते तीन अष्टमांश इंच पुरे. त्याहून उंच स्टड पकड वाढवण्यापेक्षा मुळाशी अधिक हेलकावतो. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा तपासा आणि ट्रॅकचा ताणही, कारण सैल ट्रॅक वेगात फुगून टनेलला लागतो.

हे सगळे एका थराच्या ट्रॅकबद्दल झाले. दोन थरांच्या ट्रॅकवर कडेला स्टड टिकतात, आणि बर्फावरच्या शर्यतींत ते लावतातही. वळणावर गाडीचे शेपूट सरकू नये यासाठी त्यांचा उपयोग होतो, एवढे श्रेय दाजींना द्यायला हवे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत स्टडच्या उंचीची मर्यादा दिली असेल तर माझ्यापेक्षा तिचे ऐका. लग पावणेदोन इंच किंवा त्याहून उंच असेल तर स्टडच्या भानगडीत पडू नये असे माझे मत आहे. डांबरी मार्ग ओलांडावे लागत असतील तर तिथे स्टड चालतात का, हेही आधी विचारून घ्या.

९६ बसवल्यावर समाधान झाले नाही आणि कोणी अनुभवी गृहस्थांनी कडेला आणखी ४८ सुचवले, तर त्या पैशांत आधी स्कींखालचे कार्बाइड बदला. दाजींनी अजून बदललेले नाही.