मुलीला माश्या मोजायला बेंगळूरला पाठवू का?

खानापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बेळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणीशास्त्र. बेंगळूरला जक्कूरमध्ये जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. तिथल्या उत्क्रांतीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याचे दोन महिने तिची निवड झाली आहे. वडील लिहितात, "काम काय, तर फळमाश्या मोजायच्या. भावकीत हसं होतंय. एस.एस.एल.सी.पर्यंत (दहावीपर्यंत) मराठीत शिकलेली पोर तिथं टिकेल का? त्यापेक्षा सुट्टीत बी.एड.च्या तयारीला लावू का?"

नमस्कार,

पाठवा. भावकीचं नंतर बघू, आधी माश्यांचं बोलू.

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ती बारीक चिलटं, त्यातलीच ही फळमाशी. २५ अंश तापमानात अंड्यापासून पुरती माशी व्हायला दहाएक दिवस पुरतात. म्हणजे वर्षभरात पंचवीस-तीस पिढ्या सहज निघतात. उत्क्रांती डोळ्यांदेखत घडताना बघायची तर असाच जीव लागतो. तुम्ही बेळगाव बासमतीचं बी धरताना चांगल्या लोंब्या निवडून बाजूला ठेवता, तसंच हे. तिथं समजा लवकर बाहेर पडणाऱ्या माश्याच पुढच्या पिढीसाठी ठेवल्या. शेकडो पिढ्या असं केलं की माश्या भराभर वाढायला लागतात खऱ्या, पण अंगानं लहान राहतात आणि अंडीही कमी घालतात. घाईची किंमत शरीर कुठे कुठे मोजतं, हे अशा प्रयोगांतून कळतं. हसणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे.

आता मोजणीचं. माश्यांचं खाणं केळी, गूळ, बार्लीचं पीठ, यीस्ट आणि अगार एकत्र शिजवून करतात. ते छोट्या नळ्यांत ओतायचं आणि प्रत्येक नळीत ठरलेली अंडी, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजून, ब्रशनं उचलून ठेवायची. ठरलेलीच का? एका नळीत अंडी जास्त पडली तर अळ्यांची दाटी होते, खाणं पुरत नाही, माश्या बारीक निपजतात. मग त्या बारीक झाल्या त्या वारशानं की उपासमारीनं, हे कोण सांगणार? मोजणी चुकली की प्रयोग गेला. पुढे माश्यांना कार्बन डायऑक्साइडनं बेशुद्ध करून नर-मादी वेगळे करायचे. नराच्या पोटाचं टोक काळं असतं आणि पुढच्या पायावर काळ्या केसांचा इवलासा कंगवा. हे रोज, तासन्‌तास. उपाशी माशी किती तास जगते असा प्रयोग चालू असला, तर रात्री उठूनही बघावं लागतं.

काम कंटाळवाणं आहे, आणि मला वाटतं पाठवायचं ते त्यासाठीच. संशोधनाची वाट लांब आहे. एम.एस्सी.ची दोन वर्षं, मग पीएच.डी.ची पाच-सहा. केंद्र सरकारची जे.आर.एफ. (पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणारी संशोधनवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. उपासमार नाही, पण पोरगी तिशीला टेकेपर्यंत 'अजून शिकतेच आहे का?' हे ऐकायची घरच्यांची तयारी हवी. ही वाट आपली आहे की नाही हे विसाव्या वर्षी दोन महिन्यांत कळत असेल, तर सौदा स्वस्तात पडला. तिनं मांडलेल्या प्रयोगात काहीच फरक दिसला नाही, असंही होईल. त्यावरून तिची परीक्षा करू नका. ती घरी फोन करून माश्यांबद्दल आपणहून काही सांगते का, तेवढं बघा.

नाही रमली तर बी.एड. कुठं पळून जात नाही. त्याला आधी पदवी लागतेच. आणि आपल्या भागात मराठी शाळांत जागा किती निघतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. रमली, तर तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीतली जॅम ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. त्यातून बेंगळूरची आय.आय.एस्सी. आणि आयसर या विज्ञान संस्थांच्या एकात्मिक पीएच.डी.ची, म्हणजे एम.एस्सी. आणि पीएच.डी. सलग करायची, दारं उघडतात. पुढं गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत तर परिस्थितिकी आणि उत्क्रांती हा वेगळा पेपरच आहे. उत्क्रांतीचं सगळं काम नळीतच चालतं असंही नाही. तुमच्याच तालुक्यातल्या बारापेडे गुहेतल्या रॉटन वटवाघळाची शास्त्रात जात म्हणून नोंद झाली ती १९१३ साली. जंगलात फिरून करायचं कामही पुष्कळ आहे.

भाषेचं म्हणाल तर पी.यू.ला (अकरावी-बारावीला) तिनं विज्ञान इंग्रजीतच वाचलंय. बोलताना पहिले पंधरा दिवस अडखळेल, मग जमेल. न कळलेलं पुन्हा विचारायची लाज मात्र तिनं बेळगावातच सोडून जावं. शाळेत रडतखडत शिकलेलं कन्नड बसमध्ये आणि दुकानात कामाला येईल. सीमाभागात आपण त्यावरून कितीही भांडलो तरी.

निवडपत्रात विद्यावेतन किती, वसतिगृह आहे का, जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार, हे तुम्ही स्वतः वाचा. प्रयोगशाळेच्या वहीत रोजचं काम तारखेसह लिहायला तिला सांगा. शिफारसपत्र मागायची वेळ आली की मार्गदर्शकांना दाखवायला ती वहीच उपयोगी पडते.

खरी अडचण वेगळीच यायची शक्यता आहे. आपल्याकडं सेमिस्टरच्या परीक्षा लांबतात आणि नेमक्या या दोन महिन्यांत येऊन पडतात. कॉलेजात आत्ताच चौकशी करा आणि तारखा अडत असतील तर तिला लगेच केंद्राला मेल करू द्या. आठवडा-पंधरवडा पुढंमागं करायची विनंती वेळेत गेली तर ऐकतात, निघायच्या आदल्या दिवशी गेली तर त्यांचाही नाइलाज होतो.