वर्गात मागे बसणाऱ्या मॅडम

प्रश्न : मी नागपुरात महाल भागातल्या प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. यंदा एक मार्गदर्शक शिक्षिका आमच्या वर्गांत येऊन बसणार आहेत. सगळ्यांना ती तपासणीच वाटते. स्टाफरूममध्ये एकच पालुपद, ‘आपल्या पोट्ट्यांकडून काही होत नाही.’ काय करावं?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, मला त्या मॅडमपेक्षा तुमच्या स्टाफरूममधल्या वाक्याची जास्त काळजी वाटते. ‘आपण मिळून या मुलांना शिकवू शकतो’ हा शिक्षकांचा सामूहिक विश्वास आणि मुलांची प्रगती यांचं नातं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1993 मध्येच मांडलं होतं. त्यांच्या मते असा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः करून जमल्यावर. नुसत्या भाषणांचं बळ त्यामानाने कमीच.

म्हणून मॅडमना आधीच सांगा, ‘माझी हातच्याची वजाबाकी बघा.’ 52 मधून 27 वजा करताना मुलं 35 लिहितात ना? सातातून दोन काढून मोकळी होतात. मुलांसमोर दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या ठेवा. आधी सात काढायच्या, पण सुट्ट्या दोनच. मग मूल आपणहून एक गठ्ठा सोडतं. कोण कुठे अडलं, हे मॅडमनी टिपावं आणि त्याच दिवशी दोघींनी बोलावं. नोंदी तुमच्याकडेच राहाव्यात, वरिष्ठांकडे जाऊ नयेत. ही अट मुख्याध्यापकांकडून आधीच मान्य करून घ्या, नाहीतर ती तपासणीच ठरेल.

नंतर शेजारच्या वर्गाच्या बाईंना तुमचा तास बघायला बोलवा.