करपा बुरशीतलं जनुक काढून टाकून त्याचं काम तपासण्याचा प्रयोग पहिल्यांदाच करत असाल तर

भातावरच्या करप्याची बुरशी, मॅग्नापोर्थे ओरायझी, निवडलीत ते बरं केलंत. जनुकाच्या दोन्ही बाजूंचे साधारण 1 किलोबेसचे (हजार डीएनए-अक्षरांचे) तुकडे घ्या, मध्ये हायग्रोमायसिन-प्रतिकाराचं (बुरशी मारणारं हे औषध पचवणारं) जनुक बसवा. हा जोडतुकडा बुरशीत मूळ जनुकाची जागा घेतो. तो ज्यांत घालायचा ते प्रोटोप्लास्ट (भिंत काढलेल्या पेशी) 1.2 मोलर सॉर्बिटॉलमध्येच ठेवा. साध्या पाण्यात फुटतात.

हायग्रोमायसिनच्या प्लेटवर वसाहती दिसल्या की हुरळून जाऊ नका. बऱ्याच वसाहतींत तुकडा भलतीकडेच घुसलेला असतो आणि मूळ जनुक जागच्या जागी. शिवाय एकाच वसाहतीत बदललेली आणि न बदललेली केंद्रकं सोबत नांदू शकतात. म्हणून आधी एकेक बीजाणू वेगळा काढून वाढवा, मगच पीसीआर (डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती काढणारी चाचणी): एक प्रायमर (त्या भागाचं टोक ठरवणारा छोटा डीएनए) तुमच्या तुकड्याच्या बाहेरचा, दुसरा प्रतिकार-जनुकातला. दोन्ही प्रायमर आतले असतील तर तुकडा कुठे बसला ते कळतच नाही.

रोगचाचणीसाठी मिलिलिटरला 1 लाख बीजाणू, 0.02 टक्के ट्वीन-20 (साबणासारखं द्रव्य), तीन-चार पानी भाताची रोपं. पहिले 24 तास अंधार आणि भरपूर दमटपणा. पानावरचा ओलावा मध्येच सुकला तर बीजाणू आत शिरतच नाही, आणि तुम्ही श्रेय देता काढलेल्या जनुकाला! त्यामुळे जनुक न काढलेल्या मूळ बुरशीची चाचणी शेजारी हवीच. ठिपके 5 ते 7 दिवसांनी मोजा. जनुक परत घातल्यावर रोग परतला, तरच दावा करा.

सगळ्यात छुपा घोळ साठवणीचा. प्लेटमागून प्लेट बदलत राहिलात तर बुरशीची रोगकारकता घटते. फिल्टर पेपरवर वाढवा, नीट सुकवा, उणे 20 अंशांवर ठेवा.