गढीतल्या भुताला काहीतरी हवं असू दे

अंबाजोगाई

चि. लेकरास,
अनेक आशीर्वाद.

तुझी पहिली चार प्रकरणं वाचली. औशाजवळची पडकी गढी, ती विकायच्या कागदांसाठी पुण्याहून आलेली मुलगी आणि निजामाच्या काळापासून तिथंच राहून गेलेला तरुण कारकून. भूत आहे, प्रेम आहे, हसूही आहे. मला हे फार आवडलं, म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

तुझी नायिका भुताला भीतच नाही. पहिल्याच रात्री ती त्याची टिंगल करते, तो खजील होतो आणि तिथून पुढं गढीत कितीही काळोख पडला तरी वाचणाऱ्याला काही वाटत नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारीतून, त्या काळोख्या भुयारी वाटेतून, गर्दीबरोबर चढून ये. वटवाघळांचा उग्र वास, पायाखालची न दिसणारी पायरी, आणि नेमकं तिथंच पोरं सगळ्यात मोठ्यानं खिदळतात. ते हसू भीतीतनंच फुटतं. तुला तसलं हसू पाहिजे. सुरुवातीला तिला खरोखर घाबरू दे, दारं लावून बसू दे, आईला फोन करू दे. टिंगल नंतर आपोआप येईल, आणि गोड लागेल.

आता गढीबद्दल, कारण खरी गोम तिथं आहे. ज्या जुन्या इंग्रजी भयकादंबऱ्यांच्या ओढीनं तू हे लिहायला घेतलंस, त्यांची सुरुवात होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रांटो’पासून धरतात, साल 1764. वरवर पाहिलं तर आभाळातनं पडलेलं अवाढव्य शिरस्त्राण, भुयारातून पळणारी मुलगी, हलणारी चित्रं. आत मात्र भांडण एकच: हा वाडा खरा कुणाचा? आजोबानं विष घालून बळकावलेली गादी नातवाच्या हातून जाते. भाऊबंदकी, फेरफार, पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे बघत वाढलेल्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. तुझ्या चार प्रकरणांत मात्र गढी कुणाची, कशी मिळाली, याचा पत्ता नाही. कारकूनही नुसता देखणा आणि उदास आहे. तो का थांबलाय?

मला सुचतं ते सांगतो, पटलं तर घे. त्यानं मालकाच्या दबावाखाली एक खोटी नोंद केली असेल. एका कुटुंबाची जमीन त्याच्याच हस्ताक्षरात दुसऱ्याच्या नावावर गेली. ज्याच्या नावावर गेली तो नायिकेचा पणजोबा. ती नोंद दुरुस्त झाल्याशिवाय कारकुनाला सुटका नाही, आणि ती दुरुस्त केली तर मुलीच्या हातून गढी जाते. आता त्या दोघांच्या प्रेमाला काहीतरी किंमत आली की नाही?

आणि प्रेम जमायला जागाही तिथंच आहे. निजामाच्या दप्तराचा कारभार उर्दूतला, घरातले जुने कागद मोडीत. मुलीला दोन्ही वाचता येत नाहीत, त्याला दोन्ही येतात. तो रोज रात्री तिला एकेक कागद वाचून दाखवतो. अक्षर पुसट आहे म्हणून ती मोबाइलचा उजेड धरते, आणि त्याच्या बोटाची सावली कागदावर पडत नाही हे तिला दिसतं. असा एखादा क्षण तुझ्या तिसऱ्या प्रकरणातल्या चांदण्यातल्या चार पानांपेक्षा जास्त काम करील. ती चार पानं काढून टाक.

जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’त, 1817 च्या अखेरीस तिच्या मृत्यूनंतर छापलेल्या, कॅथरीनला वादळी रात्री जुन्या कपाटात कागदांची गुंडाळी सापडते. मेणबत्ती विझते, पोरगी रात्रभर थरथरत पडून राहते, सकाळी बघते तर धुण्याचे हिशेब! आपल्याकडे याहून बहारदार सोय आहे. मुलगी भिंतीतल्या बळदात हात घालते, कोपरापर्यंत धूळ, जुन्या ज्वारीचा कुबट वास, आणि हाताला लागतो दस्त. कुणाकडून तरी त्यावरची तारीख वाचून घेते: 1347. म्हणजे हा माणूस पावणेसातशे वर्षांचा? बिचारी त्याला यादवांचा पाडाव आठवतो का, विचारत बसते. तो आधी बुचकळ्यात पडतो, मग दुखावतो. ते साल फसली. त्यात 590 मिळवले की 1937 येतं. हैदराबाद संस्थानात हेच साल चालायचं. तो खिशातनं निजामाचा हाली रुपया काढून दाखवतो, तेव्हा कुठं तिचा विश्वास बसतो.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. दुसऱ्या प्रकरणात माळवदातून माती झरते, मुलगी किंचाळत पळते आणि भूत हसतं. औशाहून किल्लारी लांब नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात त्या पट्ट्यात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तिथं आजही रात्री माती झरल्याचा आवाज झाला की म्हातारी माणसं उठून बसतात. तो आवाज ठेवायचा तर त्यावर कुणी हसायचं नाही. गावातल्या एखाद्या आजीला तो ऐकू येऊ दे, आणि भुतालाही तिच्यापुढं गप्प बसू दे.

शेवटाबद्दल तू विचारलंस. ऑस्कर वाइल्डच्या 1887 च्या कँटरव्हिल भुताची अर्धी गोष्ट टवाळीत जाते. अमेरिकी कुटुंब त्याच्या साखळ्यांना तेल देऊ करतं, रक्ताचा डाग रोज घासून काढतं. पण शेवटी घरातली मुलगी त्याच्यासाठी प्रार्थना करते आणि त्याला विसावा मिळतो. तुझ्या कारकुनालाही विसावाच मिळायला हवा. शेवटच्या प्रकरणात त्याचा पुनर्जन्म घडवून तालुक्यातला देखणा तलाठी करू नकोस, हे मी मनापासून सांगतो. तिनं नोंद दुरुस्त करायचा अर्ज द्यावा, तो जाणार हे पुरतं माहीत असताना द्यावा. ती रडेल, वाचणाराही रडेल. हलकीफुलकी कादंबरी म्हणून तेवढं रडणं चोरू नकोस.

दिवाळीआधी कागद वाचण्याचं प्रकरण नव्यानं लिहून पाठव. त्याआधी मोडी वाचणारं कुणीतरी गाठ, आणि गावात उर्दू शाळेत शिकलेले कुणी वृद्ध असतील तर त्यांच्याकडून एखादा जुना दस्त मोठ्यानं वाचून घे. कुठं अडखळतात, कुठला शब्द गाळतात, कुठं चष्मा पुसतात, ते लिहून ठेव. तुझा कारकून तसाच वाचील.

तुझे,
सर